नवी बॅटरी टाकूनही मोटरहोम दुसऱ्या रात्री अंधारात? बॅटरीवाल्याकडे जाण्याआधी हे मोजा

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. घरून निघताना बॅटरी फुल होती. पहिली रात्र मस्त गेली. दुसऱ्या रात्री एक-दोनच्या सुमाराला इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला, पंखा बंद, पोरं उठली. सकाळी ऊन चढलं तसा पॅनलचा हिरवा दिवा लागला आणि सगळं सुरू. रात्री परत तेच. सांगणारा भुसावळ-अमळनेरकडचा असला की निकालही तोच देऊन टाकतो: "बॅटरी बठी गयी भो." मग जुनी भंगारभावात देऊन नवी घेतो, आणि पुढच्या सहलीत तोरणमाळच्या तलावाकाठी दुसऱ्या रात्री पुन्हा टीं-टीं.

गाड्यांचं वायरिंग आणि सोलर हे माझं रोजचं काम. आपल्या खान्देशात मोटरहोम म्हणजे बहुतेक वेळा तयार विकत घेतलेली गाडी नसते. शाळेच्या नाहीतर वऱ्हाडाच्या फेऱ्या मारून थकलेली ट्रॅव्हलर किंवा मिनी बस असते. सीटा काढून आत दिवाण, ओटा, पाण्याची टाकी आणि वर पॅनल. (रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते. ते आधी उरका, वायरिंगवर पैसे नंतर घाला.) अशा गाडीत घरचा इन्व्हर्टर, घरची ट्यूब्युलर बॅटरी आणि घराच्या गच्चीवर बसतं तसंच मोठं पॅनल बसवलेलं असतं. तिन्ही वस्तू आपापल्या जागी चांगल्या असतात. पण त्या एकमेकींसाठी निवडलेल्या नसतात, आणि गाडीसाठी तर मुळीच नसतात.

वरच्या तक्रारीतला 'दुसऱ्या रात्री' हा भाग धरून ठेवा. बॅटरी खरोखर गेलेली असेल तर ती पहिल्याच रात्री झोपते. पहिली रात्र काढून दुसरीला मान टाकणारी बॅटरी बहुधा शाबूत असते. दिवसभरात तिच्यात जेवढं जायला हवं तेवढं जात नसतं, किंवा तिच्यात असलेलं इन्व्हर्टरपर्यंत पोचत नसतं. यातलं नेमकं कोणतं, हे एका मीटरने पाच मिनिटांत कळतं.

टीं-टीं चालू असतानाच मोजा

सकाळी उठून मोजलेल्या व्होल्टेजवरून काही ठरवू नका. इन्व्हर्टर ओरडतोय, पंखा-फ्रिज चालू आहेत, अशा वेळी साधा डिजिटल मीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवून दोन ठिकाणी मोजायचं. एक, बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर. वायरीच्या लगवर (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) नाही, खांबावर. दोन, इन्व्हर्टरच्या मागे जिथे जाड वायरी आवळल्यात त्या स्क्रूंवर.

बॅटरीवर १२ च्या आसपास आणि इन्व्हर्टरवर १०.८ आलं, तर बॅटरीत माल आहे. मधल्या वायरीने तो खाल्ला. इन्व्हर्टर स्वतःच्या स्क्रूवर जे दिसतं त्यावरूनच ठरवतो, आणि साधारण साडेदहाच्या खाली आलं की बंद होतो. त्याची काही चूक नाही. दोन्हीकडे अकराच्या आसपास आलं, तर वायर ठीक आहे आणि बॅटरी खरंच रिकामी झाली आहे. तिसरा प्रकार असा की लोड काढला की बॅटरी १२.३ दाखवते, फ्रिजचा कॉम्प्रेसर उठला की धाडकन दहावर येते आणि तो थांबला की परत वर. इथे सेल गेल्याचा किंवा प्लेटांवर सल्फेट बसल्याचा संशय घ्यायचा, आणि बॅटरीवाल्याकडे खरोखर जायचं. पण तेही सहा सेलांची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरने मोजलेली ॲसिडची घनता) स्वतः पाहून. पाच सेल सारखे आणि एक तीस पॉइंटांनी मागे (म्हणजे १.२२० च्या रांगेत एकटा १.१९०), तर आधी एक लांब चार्जिंग देऊन पाहा, तरी तो मागेच राहिला तर बॅटरी बदला.

वायर खात असेल तर

जुन्या गाडीत हा दोष फार सापडतो, आणि तो जवळजवळ नेहमी मायनसच्या बाजूला असतो. प्लसची वायर सगळे जाड टाकतात. मायनस मात्र "बॉडीला मारलाय" असं सांगतात. गाडीची बॉडी मायनस असते हे खरं, आणि हॉर्न किंवा टेललाइटच्या पाच-सात अँपिअरला ती पुरते. पण वीस वर्षांच्या बॉडीत पत्र्याचे जोड गंजलेले, खाली डांबरी रंगाचा थर, चासीला पट्टी लावलेला बोल्ट आतून लाल झालेला. १००० व्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर मिक्सर चालवताना बॅटरीतून ५० ते ८० अँपिअर ओढतो. अशा बोल्टवर तेव्हा एक-दीड व्होल्ट सहज पडतो आणि बोल्ट हाताला चटका देतो.

शोधायचं कसं? त्याला आमच्यात ड्रॉप टेस्ट म्हणतात. लोड चालू ठेवायचा. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इन्व्हर्टरच्या मायनस स्क्रूवर. दोन्ही मायनसच, त्यामुळे मीटरने शून्य दाखवायला हवं. ०.१ पर्यंत चालेल, ०.२ म्हणजे बघायला हवं, अर्धा व्होल्ट आला तर दोष तिथेच आहे. मग दुसरी काडी एकेक जोड अलीकडे आणत जायचं: इन्व्हर्टरचा स्क्रू, त्याचा लग, चासीचा बोल्ट, पट्टी, बॅटरीचा लग. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी मारतो, तो जोड उघडून पॉलिश पेपरने चकचकीत करायचा. हीच तपासणी प्लसच्या बाजूलाही करायची. तिथे फ्यूजचा होल्डर आणि स्वस्तातला कटऑफ स्विच हे नेहमीचे गुन्हेगार. आणि खरं सांगायचं तर इन्व्हर्टरसाठी बॉडीवर अवलंबून राहूच नये. प्लसएवढ्याच जाडीची मायनस वायर थेट बॅटरीपासून न्यावी.

जाडीचा हिशोब तोंडी करता येतो. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. इन्व्हर्टर बॅटरीपासून दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर. वायर सहा एमएमची असेल तर १०० अँपिअरला जवळजवळ १.२ व्होल्ट वाटेतच गेले. पंचवीस एमएमची असेल तर ०.३ सुद्धा नाही. दुकानदाराला गेज विचारू नका, 'किती स्क्वेअर एमएम' ते विचारा आणि टोक खरवडून पाहा. वरून तांबूस, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. जंपर केबल म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ जोड्या अशाच असतात. लग हातोडीने ठोकून बसवू नका. क्रिंपिंग मशीनवाल्याकडे दोन मिनिटांचं काम आहे.

जागा निवडायची मुभा असेल तर इन्व्हर्टर बॅटरीला खेटून ठेवा (हवा खेळेल एवढी फट सोडून) आणि लांब न्यायची असेल तर २३० व्होल्टची वायर लांब न्या. पुष्कळ जण इन्व्हर्टर हाताशी हवा म्हणून ड्रायव्हरमागे ठेवतात आणि बॅटरी मागच्या दिवाणाखाली. मग मधली पाच मीटर वायर सगळ्या गाडीभर तापत राहते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवाच. घरातला एसी एमसीबी डीसीला फ्यूज म्हणून लावलेला मी बऱ्याच गाड्यांत पाहतो. डीसीचा आर्क तो नीट तोडू शकत नाही, आतच जळत राहतो. डीसीचा म्हणून विकला जाणारा एमसीबी किंवा बोल्टवर बसणारा पट्टी-फ्यूज घ्या. कामाआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा, आणि वायर सोडवताना आधी मायनस.

बॅटरी खरोखर रिकामी होत असेल तर

मग प्रश्न दिवसाचा आहे. पॅनलवर किंवा कंट्रोलरवर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) हिरवा दिवा लागला म्हणजे चार्जिंग होतंय, हा समज आधी सोडा. तो दिवा फक्त व्होल्टेज आहे एवढंच सांगतो. किती अँपिअर आत जातायत ते सांगत नाही. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. विकत घेताना बघून घ्या, कारण बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि डीसीवर शून्य दाखवून तुम्हाला आणखी गोंधळात टाकतात.

बॅटरी अर्धी उतरलेली असताना, भर दुपारी, गाडी उन्हात उभी करून कंट्रोलर ते बॅटरी या वायरीला क्लॅम्प लावा. वर ३३० वॅटचं पॅनल आहे आणि आकडा आठ-नऊवर अडकलाय? मग कंट्रोलर पीडब्ल्यूएम आहे आणि तुमचं दोन-तृतीयांश पॅनल छतावर नुसतं प्रवास करतंय.

कारण असं. ३३० वॅटचं पॅनल बहुधा ७२ सेलचं असतं. ते साधारण ३७ व्होल्टला नऊएक अँपिअर देतं, तेव्हा कुठे ३३० वॅट होतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे एक झपाट्याने उघडझाप करणारा स्विच. तो पॅनल सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनलचे ३७ व्होल्ट बॅटरीच्या १३ वर खाली ओढले जातात. अँपिअर मात्र नऊच राहतात. नऊ गुणिले तेरा, झाले ११७ वॅट. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. त्याच पॅनलमधून उन्हाळ्यातही १८-१९ अँपिअर आत जातात. पॅनल स्वस्तात मिळालं म्हणून मोठं घेतलं आणि कंट्रोलरवर पैसे वाचवले, ही जोडी इथे सगळ्यात जास्त दिसते. आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: कंट्रोलर एमपीपीटी करा, नाहीतर ३६ सेलची '१२ व्होल्ट' पॅनलं घ्या. मी पहिलाच सांगेन. एमपीपीटी घेताना त्याची कमाल इनपुट व्होल्टेज पाहा. ७२ सेलचं पॅनल लोडशिवाय ४५ च्या वर जातं, थंडीच्या सकाळी आणखी थोडं.

३६ सेलवाल्यांनाही मे महिना सोडत नाही. पॅनलचे पाटीवरचे आकडे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. जळगाव-भुसावळला बाहेर ४५ अंश, खाली पत्र्याचं छत, पॅनल त्याला चिकटून. सेल ७० ते ७५ वर जातो. दर अंशामागे साधारण ०.४ टक्के कमी धरा, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. त्यातही मुख्यतः व्होल्ट जातात: पाटीवरचे १८ उन्हात साडेचौदाच्या आसपास येतात, वायर आणि कंट्रोलरमध्ये अर्धा गेला की बॅटरीला १४ उरतात. बॅटरी पूर्ण भरायला शेवटचा टप्पा याच व्होल्टेजवर काही तास चालावा लागतो, आणि नेमका तोच टप्पा अर्धवट राहतो. रोज थोडी अर्धवट, रोज थोडं सल्फेट. पॅनल छतापासून निदान पाच-सहा सेंटीमीटर वर उचला, खालून वारा जाऊ द्या. नुसत्या चिकट्यावर विसंबू नका, सुरत-नागपूर महामार्गावर गाडी ऐंशीने जाते तेव्हा पॅनलखाली घुसणारी हवा त्याला वर ओढत असते. ब्रॅकेट बोल्टनेच.

धूळ हा वेगळा विषय नाही, पण इकडे ती काळ्या मातीची असते आणि दवात भिजली की थर धरते. पॅनल उजाडायच्या आत धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका. बोअरचं जड पाणी वापरलं तर लगेच पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग राहतात.

पॅनल कलतं करावं का, असं विचारतात. उन्हाळ्यात अजिबात गरज नाही. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सपाट पॅनललाच सगळ्यात जास्त मिळतं. डिसेंबरात मात्र दुपारीही तो ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि सपाट पॅनलला सत्तर टक्केच लागतं.

सावलीचं त्रांगडं याहून मोठं. मेमध्ये माणसांना कडुनिंबाखाली थांबायचं असतं आणि पॅनलला उन्हात. फांदीची सावली पॅनलच्या एका भागावर पडली तरी तेवढा सेलांचा गट बाद होतो. गाडी सावलीत लावा आणि एक सुटं पॅनल दहा मीटर वायरीवर उन्हात मांडा. सहा एमएमच्या वायरीत अर्धा व्होल्टच जातो. माझ्या मते उन्हाळ्यात फिरणाऱ्याने दुसरी बॅटरी घेण्याऐवजी हे सुटं पॅनल घ्यावं.

खर्चाची वही

एका ट्रॅव्हलरचा हिशोब मांडतो, १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास) ट्यूब्युलर बॅटरी, ३३० वॅटचं पॅनल, पीडब्ल्यूएम कंट्रोलर. मेचा दिवस. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, पण गाडीत ४० अंश असताना तो दिवसाचे सोळा तास तरी चालतो: ५८ एएच. २८ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा इन्व्हर्टरवरून आठ तास: २२. दिवे १०, मोबाइल-पंप वगैरे ८. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवल्याचे, काहीही न जोडता, दीड अँपिअरने चोवीस तास: ३६. एकूण १३४ एएच.

पॅनलकडून काय आलं? मेमध्ये सपाट पॅनलला सहा तासांच्या पूर्ण उन्हाएवढं मिळतं असं धरू. नऊ अँपिअरने ५४, त्यातले १५ टक्के बॅटरी चार्ज होताना जातात, उरले ४५-४६. रोजचा तोटा ८८. दीडशेची बॅटरी भरून निघालात तर पहिल्या चोवीस तासांनी साठ-पासष्ट उरतात, आणि दुसऱ्या रात्री एक-दोनला टीं-टीं. बॅटरी नवी असो की जुनी, वेळ जवळपास तीच येणार.

आता बॅटरीला हात न लावता दोन बदल करा. कंट्रोलर एमपीपीटी: १८ ते १९ अँपिअर गुणिले सहा, नुकसान जाऊन साधारण ९५ एएच. पंखा थेट बारा व्होल्टचा, कमी वॅटचा, आणि इन्व्हर्टर फक्त लागेल तेव्हा चालू: ३६ गेले, पंख्याचे २२ चे १३ झाले. खर्च आला ८९. जमा-खर्च जुळला. इन्व्हर्टरचं रिकामं चालणं ही या वहीतली सगळ्यात फुकटची गळती आहे. मोबाइलच्या एका चार्जरसाठी लोक तो रात्रभर चालू ठेवतात. बारा व्होल्टचं यूएसबी सॉकेट बसवा.

यावरूनच हेही कळेल की याच गाडीत मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चार रात्री काढल्या तेव्हा काहीच का झालं नाही. ऊन कमी होतं, पण पंखा बंद होता आणि फ्रिज मधूनमधूनच चालत होता.

इंडक्शन शेगडीबद्दल विचारूही नका. २००० वॅटला बॅटरीतून दोनशे अँपिअरच्या आसपास लागतात. गॅस ठेवा. भरताच्या वांग्यांना तर तोही नको, चोपडा-यावलकडे रस्त्याच्या कडेला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) मिळतातच.

ग्रॅव्हिटी आणि नेटवरचा तक्ता

नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की भरलेली बॅटरी १२.७ दाखवते आणि १२.२ म्हणजे अर्धी. इंजिनाच्या बॅटरीला ते लागू पडतं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूब्युलर बॅटऱ्यांत ॲसिड मुद्दाम पातळ असतं, भरलेली असताना १.२४० ग्रॅव्हिटी, आणि अशी बॅटरी पूर्ण भरून शांत झाली तरी १२.५ च दाखवते. तक्ता बघून "भरतच नाही" म्हणत काही जण तिला दिवसेंदिवस जास्त व्होल्टवर उकळत ठेवतात, पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. बॅटरीच्या पुठ्ठ्यावरच्या पत्रकात भरलेली ग्रॅव्हिटी किती ते पाहा आणि हायड्रोमीटरवर विश्वास ठेवा.

पाणी फक्त डिस्टिल. आरओचं नाही, एसीतून टपकणारंही नाही. इकडच्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळी बघा. तापमानाचा हिशोबही सांभाळा: बॅटरी जितकी गरम तितके चार्जिंगचे व्होल्ट कमी हवेत, दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट. २५ अंशांना १४.४ असेल तर ४५ ला १३.९. चांगल्या एमपीपीटीला यासाठी एक सेन्सरची वायर येते. ती बऱ्याचदा खोक्यातच पडून राहते. ती बॅटरीच्या अंगाला चिकटवा. बॅटरीची जागा इंजिनाजवळ नको. दहा अंश जास्त म्हणजे आयुष्य निम्मं, हा जुना ठोकताळा इकडे पुरेपूर उतरतो. आणि ट्यूब्युलरमधून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. दिवाणाखाली ठेवली असेल तर बंद पेटी आणि गाडीच्या बाहेर निघणारी नळी हवी, कारण त्या दिवाणावर माणसं झोपतात.

चालत्या गाडीतून चार्जिंग

"गाडी चालते तेव्हा डायनामो भरतोच की." भरतो, थोडं. धुळ्याहून सारंगखेड्यापर्यंतच्या दोन-अडीच तासांत १५ अँपिअरने तीस-पस्तीस एएच. तेही वायर जाड असेल तर. अडीच एमएमची वायर सहा मीटर मागे नेली असेल, तर २० अँपिअरला जाऊन-येऊन १.७ व्होल्ट पडतात आणि मागच्या बॅटरीपर्यंत काहीच पोचत नाही. दोन्ही बॅटऱ्या मध्ये डायोड टाकून जोडल्या असतील तर त्या डायोडचेही ०.७ जातात. आणि मध्ये काहीच नसेल, सरळ जोडल्या असतील, तर रात्री पंख्याबरोबर स्टार्टरची बॅटरीही उतरते आणि सकाळी सेल्फ लागत नाही. अनेर धरणाच्या काठी धक्का मारायला माणूस मिळत नाही. व्होल्टेज पाहून जोडणारी-सोडणारी रिले हे कमीत कमी. डीसी-डीसी चार्जर घेतलात तर वायरीतले गेलेले व्होल्टही तो भरून काढतो. मोठी बस असेल तर आधी पाटी वाचा, ती २४ व्होल्टची असू शकते.

लिथियम घेऊ का, हा प्रश्न हमखास येतो. फॉस्फेटवाली (एलएफपी) घ्या, चांगली आहे, पण अल्टरनेटरला (तोच आपला डायनामो) थेट कधीही जोडू नका. ती मागेल तेवढे अँपिअर ओढते आणि जुना अल्टरनेटर जळतो. डीसी-डीसी चार्जर सक्तीचा समजा. घरच्या इन्व्हर्टरचा चार्जर शिशाच्या बॅटरीसाठी असतो, त्याच्यात लिथियमची सेटिंग आहे का ते बघा. दुसरं, बंद गाडी मेच्या उन्हात उभी राहिली की आत पन्नासच्या पुढे जातं आणि बॅटरीचं बीएमएस (तिच्या आतलं राखण करणारं सर्किट) गरमीमुळे चार्जिंग थांबवतं. मग दुपारी "चार्ज होत नाही" आणि संध्याकाळी आपोआप होतं, असा भुताटकीसारखा प्रकार दिसतो. बॅटरी खाली, सावलीच्या बाजूला, हवेशीर ठेवा.

शेतातल्या मोटारीच्या पेटीवरून वीज घेताना

खान्देशात माणसं अडवत नाहीत. केळीच्या बागेशेजारी गाडी लावली तर मालक स्वतःच म्हणतो, "लावा ना भाऊ वायर पेटीला." आधी मीटर लावा. शेताची लाइन थ्री फेज असते. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० असायला हवेत, पण दोन फेजांमध्ये चारशेच्या वर असतात, आणि पेटीतली कुठली पट्टी खरी न्यूट्रल आहे हे पेटीवर लिहिलेलं नसतं. बऱ्याच पेट्यांत न्यूट्रल आलेलाच नसतो. मोटारीला तो लागत नाही. चारशे व्होल्ट इन्व्हर्टरच्या चार्जरवर गेले की धूर निघायला क्षण पुरतो. शिवाय एखादा फेज गेला की उरलेल्या दोन्हीवर व्होल्टेज वरखाली नाचतं. घराच्या सिंगल फेजवर लावा. नाहीतर राहू द्या, पॅनलवर भागवा.

बाहेरून वीज घ्यायची सोय ठेवली असेल तर गाडीत शिरताच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) लावा, पत्र्याच्या बॉडीला बाहेरचा अर्थ जोडा, आणि इन्व्हर्टरचं आउटपुट व बाहेरची लाइन एकाच वेळी एकत्र येणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच ठेवा. सुटी खुंटी अदलाबदल करणारं जुगाड नको. ओल्या जमिनीवर उभं राहून गाडीच्या दांड्याला हात लावणारं पोर तुमचंच असणार आहे.

पावसाळ्यात गाडी शेडमध्ये जाते आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) ठेवलेली दिवाळीलाच बाहेर निघते. पॅनल झाकलेलं, इन्व्हर्टर चुकून स्टँडबायवर. तेवढ्या महिन्यांत चांगली बॅटरीही मरते. ठेवताना पूर्ण भरा, पाण्याची पातळी बघा, मायनस काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा घरच्या लाइनवर रात्रभर चार्जला लावा. मायनस परत जोडताना लगवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.